सहा रविवारांचे कपडे

बारकीला हे नाव तिच्या सासूनं दिलं. मुलगी बघायला आली तेव्हा हातातला कप खाली ठेवायच्या आत बाईनं पोरीला एकदा डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि शेजारी बसलेल्या मुलाला म्हणाली, "बारकी आहे रे. दोन मीटरात हिचा ड्रेस होऊन वर पिशवीपुरतं कापड उरेल." सगळे हसले. पोरही हसली. आई लहानपणीच गेलेली, मामाच्या घरी वाढलेली ती पोर. तिला असं नजरेनं मापून कुणी आपलं म्हटलं नव्हतं. नाव चिकटलं ते चिकटलंच.

सासू शिंपीण होती. नवरा अकाली गेला आणि पदरात दोन लेकरं राहिली, एक मुलगा आणि त्याच्या पाठची मुलगी. दोघांना बाईनं एका मशीनवर मोठं केलं. तिची नजर टेपापेक्षा पक्की. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की आकडे तिच्या मनात मांडून झालेले असायचे. टेप लावायची ती गिऱ्हाइकाला बरं वाटावं म्हणून.

लग्नानंतर वर्षभरानं नवराबायको दोघंही शिकायला समुद्रापलीकडे गेले. मोठं बंदर असलेलं शहर होतं. तिसऱ्या मजल्यावर एक खोली मिळाली. तिच्या खिडकीतून समुद्र दिसत नसे, पण माल उचलणाऱ्या यंत्रांच्या माना दिसत. नवरा मालाच्या ने-आणीचं शिक्षण घेत होता. बारकी गंजाचं. खाऱ्या पाण्याच्या टाक्यांत ती लोखंडाच्या पट्ट्या टांगून ठेवायची आणि दर आठवड्याला बाहेर काढून, पुसून, तोलून बघायची. किती वजन घटलं ते वहीत लिहायचं, की पट्टी परत पाण्यात. काम संथ होतं आणि तिला ते जमायचं.

दोघांत भांडण असं कधी झालंच नाही. तो रात्रपाळीला गोदामात जाई तेव्हा ती झोपलेली असे. ती सकाळी निघे तेव्हा तो झोपलेला असे. आधी एकमेकांसाठी डबा झाकून ठेवत. मग चिठ्ठ्या ठेवू लागले, मग त्याही राहिल्या. दोन वर्षांनी एका दुपारी बटाटे सोलता सोलता तो म्हणाला, "आपण थांबूया का आता?" कशाबद्दल म्हणतोय हे तिनं विचारलं नाही. ती "हं" म्हणाली आणि तिनं सालं गोळा करून डब्यात टाकली. आपल्याला रडू यायला हवं, असं तिला दोन-तीन दिवस वाटत राहिलं. ते काही आलं नाही.

त्याला दुसऱ्या शहरातल्या विद्यापीठात जागा मिळाली. सोमवारी तो जाणार होता. अडचण एकच होती, नणंदेचं लग्न. ते सहा आठवड्यांवर आलेलं. तिचं मागचं एक स्थळ ठरता ठरता मोडलं होतं आणि पोरगी वर्षभर घराबाहेर पडली नव्हती. आताची माणसं बरी होती, पण चौकस. भाऊ-भावजयीचं कसं आहे, परदेशात सुखात आहेत ना, हे त्यांनी तीनदा विचारलं होतं. तेव्हा दोघांनी ठरवलं की लग्नाला एकत्र जायचं, चार दिवस हसून राहायचं आणि मांडव उतरला की सांगायचं. तोवर घरी वास लागता कामा नये. बारकीला वेगळीही एक धास्ती होती, ती तिनं नवऱ्याला सांगितली नाही. हे कळलं की त्या मशीनच्या खोलीत आपल्याला पुन्हा पाऊल टाकता येईल का? नवरा जातोय याचं तिला काही वाटत नव्हतं. त्या खोलीचा विचार मात्र मनातून जात नव्हता.

फोनचं काही अवघड नव्हतं. तो तिकडून बोलेल, ही इकडून, आणि दोघंही सांगतील की दुसरं माणूस कामात आहे. अवघड होतं ते रविवारचं. दर रविवारी घरी दोघांचा एक फोटो जायचा. सासू तो फोटोवाल्याकडून छापून आणायची आणि मशीनच्या वर भिंतीवर ओळीनं चिकटवायची. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायची. नणंदेच्या सासरचेही बघून गेले होते.

"सहा रविवार आहेत," नवरा म्हणाला. "शनिवारी एकदाच बाहेर पडू आणि सहा फोटो काढून टाकू."

"कपडे?"

त्यानं जरा विचार केला. कपडे पिशवीत घेऊन हिंडायचं तर बदलायचे कुठे? धक्क्यावरच्या संडासापुढे ही रांग. मग त्याचा चेहरा उजळला, बऱ्याच महिन्यांनी. सगळे कपडे एकावर एक घालूनच निघायचं! एक फोटो झाला की एक कपडा उतरवायचा आणि पिशवीत कोंबायचा. थंडीही वाजणार नाही.

बारकीला ते पटलं. तिला त्या दिवसांत काहीही पटत होतं.

शनिवारी सकाळी त्यानं टी-शर्ट घातला. त्यावर पांढरा शर्ट, त्यावर चौकड्यांचा, त्यावर निळा, मग स्वेटर आणि सगळ्यांवर जाकीट. तिनं पाच कुडते चढवले आणि वर कोट. त्याला वाकता येईना, म्हणून त्याच्या बुटांच्या नाड्या तिनं बांधल्या. जिना उतरताना ती भिंतीला घासत गेली.

पहिला फोटो धक्क्यावर काढला. दोरखंड गुंडाळणाऱ्या एका म्हाताऱ्या खलाशाच्या हातात नवऱ्यानं फोन दिला. खलाशानं दोघांकडे पाहून विचारलं, दुकान लुटून आलात का? नवरा हसला. बारकीही हसली, कारण तेवढ्यातच फोटो निघायचा होता. खलाशानं हातानं खूण केली, जवळ या. ती जवळ झाली. सहा कपड्यांच्या आतलं माणूस हाताला लागत नव्हतं.

मग ते फेरीबोटीत बसले. बोटीच्या कठड्याशी दुसरा फोटो झाला, स्वेटरचा. पलीकडच्या किनाऱ्यावर मासळीच्या रिकाम्या शेडपाशी तिसरा. तिथली फरशी नुकतीच धुतलेली होती आणि पांढरे पक्षी पाण्यातून चालत होते. टेकडीवरच्या बागेत चौथा. जो फोटो काढे तो तीच खूण करी, जवळ या, आणखी जवळ. पाचव्या वेळी खूण यायच्या आधीच दोघं चिकटून उभे राहिले. शाळेत कवायतीला राहतात तसे.

जेवायला ते बाकावर बसले. घरून आणलेले पोळीचे रोल खाल्ले. नवऱ्यानं विचारलं, मोठी कढई तू ठेवतेस ना? ती म्हणाली, ठेवते. मग त्यानं सांगितलं की पाण्याच्या किटलीची तार सैल आहे, जपून लाव. पलीकडच्या धक्क्यावर एक जहाज सुटत होतं. दोघांनी ते पार दिसेनासं होईपर्यंत पाहिलं.

सहाव्या फोटोत तो टी-शर्टवर होता आणि ती एका कुडत्यावर. वारं सुटलं होतं. तिचे दात वाजत होते. "झालं," तो म्हणाला आणि त्यानं पिशवीतून जाकीट काढून आधी तिच्या अंगावर टाकलं, मग आपला स्वेटर शोधला. एवढंच झालं त्या सहलीत. सोमवारी तो गेला. जाताना दारात अडखळला, काहीतरी बोलणार होता, पण खाली गाडीवाला भोंगा वाजवत होता.

रविवार येत राहिले. ती एकेक फोटो पाठवत राहिली, काढले त्याच क्रमानं. पहिल्याला सासूचा आनंदानं भरलेला निरोप आला, की परदेशातलं खाणं मानवलं गं तुम्हाला, गालही भरलेत. गाल कसले भरतात? पण जाकिटातून माणूस भरलेलंच दिसतं. दुसऱ्याला नुसतं "छान" आलं. तिसऱ्याला काहीच आलं नाही.

चौथ्या रविवारनंतरच्या बुधवारी, सकाळी ती निघायच्या बेतात असताना सासूचा फोन आला. तिकडे दुपार होती. मागं मशीन थांबल्याची शांतता होती.

सासूनं आधी लग्नाचं सांगितलं. पत्रिका छापून आल्या, नणंद खुशीत आहे. मग म्हणाली की दोघांचे लग्नातले कपडे शिवायला घेतलेत, कापड पसरलंय, कात्री हातात आहे. त्याचा शर्ट कुठल्या मापाचा कापू ते सांग.

"अडतीस, आई."

"ते मी तुमच्या लग्नाआधी घेतलेलं. आजचं सांग. माझ्यासमोर भिंतीवर चार रविवार आहेत. पहिल्या रविवारी त्याची छाती चव्वेचाळीस. मी म्हटलं, सुटलाय. दुसऱ्या रविवारी त्रेचाळीस. आता चाळीस. महिन्यात चार इंच कुणाचे जात नाहीत गं, पडून असलेल्या माणसाचेसुद्धा. आणि तू? पहिल्या फोटोत तू पाण्याचा बंब दिसतेस. आता परत काडी. काय चाललंय तुमचं? काय दुखणं आहे?"

बारकी खाटेच्या कडेवर बसली. दर आठवड्याला किती घटलं ते वहीत लिहिणं हेच जिचं काम, तिला हे दिसलं नव्हतं. एकावर एक कपडे घालताना दोघांनी रंग बघितले, जागा बघितल्या, पण जाडी कुणीच बघितली नाही.

"टेप दिलाय मी तुला," सासू म्हणाली. "आण. त्याला उठव आणि हात वर करायला सांग. मी फोन धरून आहे."

ती उठली. खण उघडला. टेप सापडला, पिवळा, टोकाला पितळी पट्टी असलेला. तो हातात घेऊन ती खोलीच्या मध्ये उभी राहिली. समोर कुणी नव्हतं. एकोणचाळीस म्हणून टाकावं, असं तिच्या मनात आलं. बाई विश्वास ठेवील आणि शर्टही बसेल. दोनच रविवार उरलेत. आकडा जिभेवर आला होता, पण तोंड उघडेना. तिला भीती वाटली नाही, लाजही वाटली नाही. फक्त फार दमल्यासारखं झालं.

"आई, तो इथं नाही."

"म्हणजे? कॉलेजात गेलाय?"

"इथं राहत नाही. महिना झाला." मग तिनं एका दमात सगळं सांगितलं, शनिवारचं, सहा कपड्यांचं, धक्क्याचं, बोटीचं. किराण्याची यादी वाचावी तसं सांगितलं, न चढता न उतरता.

तिकडे कात्री टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

"भांडलात?"

"नाही."

"त्यानं हात उचलला? दुसरी कुणी आहे?"

"नाही, आई. काहीच झालं नाही."

मग सासू म्हणाली, "भांडण असतं तर मी तिथं येऊन दोघांच्या कानाखाली वाजवून मिटवलं असतं. काहीच नाही याला मी काय करू गं?"

खिडकीबाहेर एक यंत्र मान वळवून पेटी उचलत होतं. ती पेटी वर जाईपर्यंत बारकीनं पाहिली.

"हिला यातलं काही कळता कामा नये," सासू म्हणाली. हिला म्हणजे नणंदेला. "लग्न होईपर्यंत मी गप्प. त्याच्याशी मी नंतर बोलेन, तो माझा आहे, मी बघते. आणि ऐक, उरलेले दोन फोटो पाठवू नकोस. आणखी वाळलेले दिसाल. व्याह्यांना वाटेल मुलाला क्षय झालाय. रविवारी पहिलाच परत पाठव. मी तो शेवटी लावते आणि हे चारही काढून टाकते."

बारकीच्या तोंडून हसण्यासारखं काहीतरी निघालं. तिचं तिलाच ते ओळखू आलं नाही.

"आई," ती म्हणाली, "मी यायचं का लग्नाला?"

तिकडे कुणीतरी दार वाजवलं, सासूनं त्या गिऱ्हाइकाला उद्या ये म्हणून परत पाठवलं. दाराची कडी लागल्याचं ऐकू आलं.

"टेप हातात आहे ना?"

"आहे."

"मग तुझं माप घे."

बारकीनं कोट काढून खाटेवर टाकला. छातीभोवती टेप फिरवून आकडा सांगितला. मग कंबर. सासू प्रत्येक आकडा पुन्हा म्हणत होती आणि खडूनं कापडावर लिहीत होती, त्याचा करकर आवाज येत होता. खांद्याला अडलं. टेपाचं एक टोक धरलं की दुसरं निसटे.

"राहू दे," सासू म्हणाली. "एकटीला नाही घेता यायचा तो. तुझा एक जुना कुडता इथं आहे, त्यावरून काढते. बाही कशी ठेवू? कोपरापर्यंत की लांब?"

बारकी टेप गुंडाळत उभी राहिली. तिला ठरवायला वेळ लागला. सासू घाई न करता थांबली होती.

"लांब," ती म्हणाली. "मनगटापर्यंत."

"बरं. मग कापड थोडं जास्त लागेल," सासू म्हणाली आणि तिनं कात्री उचलली.