पिशवीसुद्धा ठेवायची नाही

२०२३ साल. मी अडुसष्ट वर्षांचा होतो. शनिवार पेठेतल्या आमच्या भाड्याच्या दोन खोल्या मालकाच्या पोरांना रिकाम्या हव्या होत्या. त्या करून दिल्या आणि जुनी मिनीबस दारात आणून लावली. जन्मभर टेम्पो चालवला, आता राहायचंही चाकांवरच, असं मी ठरवलं होतं. माझी बायको कमल हिला दक्षिणेकडची देवळं बघायची होती. मला कुणाचं तोंड बघायचं नव्हतं. दोघांचं जमलं.

शेजारचे अण्णा खिडकीतून बघत होते. निरोपाला खाली उतरले नाहीत. वरूनच म्हणाले, "चाकं लावलेलं घर घेतलंत म्हणे."

"हो," मी म्हटलं. "शेजारी बदलता येतात."

तुम्हा जुन्या शेजाऱ्यांपैकी जे अजून पेठेत आहात त्यांना हे आठवत असेल. तुम्ही हसलात तेही मला ऐकू आलं होतं. आणि जे फ्लॅट घेऊन लांब गेलात, त्यांनी तर हसूच नये. लिफ्ट बंद पडली की तुमचं दळण खालीच राहतं.

तर सामान. दोन खोल्यांतला संसार मिनीबसमध्ये मावत नाही, हे कळायला शाळा लागत नाही. मी चौथी शिकलो. तरी आमची लेक मंगल आणि जावई, दोघं वाघोलीहून मला समजवायला आले. जावई कॉलेजात शिकवतात. फार गोड बोलतात, मला तेच आवडत नाही. म्हणाले, "बाबा, आमची एक खोली रिकामीच आहे. तुम्ही दोघं राहा. नाहीतर निदान सामान तरी ठेवा."

मी म्हटलं, "आमची व्यवस्था आहे."

व्यवस्था काहीच नव्हती. पण माझा बाप मंडईत हमाल होता आणि तो सांगायचा, "लेकीकडं गेलास तर भेट आणि ये. पिशवीसुद्धा ठेवून येऊ नकोस." त्याचा शब्द मी मोडणार नव्हतो. जावयांसमोर तर नाहीच.

मग धायरीला एका ओळखीच्या गॅरेजच्या आवारात गाडी लावून मी जागा काढायला लागलो. मागची बाकं काढून पलंग केला. त्याची फळी बिजागरीवर. उचलली की खाली गोधड्या आणि पाण्याचे कॅन. टपावर कॅरियर, त्यावर ताडपत्री. खिडक्यांच्या वर कपाटं केली आणि त्यांना कड्या लावल्या, कारण नुसत्या चुंबकावरचं दार पहिल्याच खड्ड्यात उघडतं आणि हळद डोक्यावर येते. छताला जाळी बांधून तिच्यात कपडे भरले. डब्यांच्या मध्ये जुनी लुगडी कोंबली तेव्हा कुठं खडखडाट थांबला. तरीही माझी हत्यारं, जॅक, बापाची लोखंडी पेटी, पितळी बंब, एवढं उरलंच. मग पलंगाच्या पायथ्याशी आडवा एक प्लायचा खोका ठोकला, कमरेएवढा उंच. सगळं आत गेलं. वाघोलीला एक चमचाही गेला नाही. त्या दिवशी मला फार बरं वाटलं.

हिंडलो. कोल्हापूर, बेळगाव, तिथून पुढं खाली. परदेशात गेलेल्या नातेवाइकांची पोरं फोनवर याला मोटरहोम म्हणतात आणि फोटो मागतात. फोटोत पलंग छान दिसतो. त्यावर कुणी झोपलेलं नसतं ना. पलंग मी कमलला दिला होता, मी पुढच्या लांब बाकावर झोपायचो.

पेठेत दुपारी जेवणं झाली की दाराला कडी लागायची आणि कमल चटईवर पाय लांब करून घोरायची. गाडीत मात्र ती दुपारची बसून असायची. मी म्हणायचो, "झोप की." ती म्हणायची, "अहो, झोप येत नाही." परत पुण्याला आलो, गाडी त्याच आवारात लावली. एका दुपारी टायर बघून आत आलो तर ती झोपलेली. बसूनच. पाठ खोक्याला, गुडघे पोटाशी, मान खाली.

मी उठवलं. "आडवी हो की."

"कुठं होऊ? तुमच्या खोक्यापाशी पलंग संपतो. मी नाही संपत."

"आधी का नाही बोललीस?"

"बोलून काय? खोका लेकीकडं जायचा नाही. म्हणजे मीच जायचं." मग साडीचा पदर नीट केला आणि म्हणाली, "जातेच आता. गुडघे धरलेत माझे. तुम्ही हिंडा खोका घेऊन."

ती आवाज चढवत नाही, म्हणून तिच्याशी भांडता येत नाही. मी बाहेर जाऊन बसलो. चूक माझी होती असं कुणी म्हणू नये. गाडी लहान होती.

तुम्ही लोक जुन्या खोल्यांची आठवण काढून गळे काढता, फोनवर भिंतींचे फोटो पाठवता. मला पाठवू नका. मला भिंत आठवत नाही. ही बाई जिथं पाय लांब करून घोरेल तो माझा पत्ता. बाकी तुमचं तुम्ही बघा.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोका उचकटला, गाडी वाघोलीला नेली आणि सगळं जावयांच्या रिकाम्या खोलीत नेऊन ठेवलं, बापाच्या पेटीसकट. जावई म्हणाले, "बसा ना बाबा, चहा टाकलाय."

मी म्हटलं, "गाडी चालू आहे."

ती मी मुद्दामच चालू ठेवली होती.