जीपचं इंजिन आणि गोडं पाणी

मामांनी जीपचं बॉनेट उघडून दिलं आणि कडुलिंबाच्या बुंध्याशी जाऊन बसले, माझ्याकडे पाठ करून. ती जीप त्यांनी कित्येक वर्षं सेनगावच्या रस्त्यावर चालवलेली. पत्रा सडला होता, दारं दोरीने बांधलेली होती, पण इंजिन अजून पहिल्या सेल्फला सुरू व्हायचं. तेच इंजिन मी काढायला निघालो होतो, कारण बोलून बसलो होतो.

आमची लोखंडी होडी धरणाच्या पाण्यातून पलीकडच्या गावांची माणसं ने-आण करते. रस्त्याने वळसा घालून जायचं तर अर्धा दिवस मोडतो. होळीच्या सुमाराला होडीच्या जुन्या इंजिनाची क्रँक तुटली. त्या इंजिनाचे भाग आता कुठेच मिळत नाहीत. चार दिवस मामा कुणाशी धड बोलले नाहीत. पाचव्या दिवशी जेवताना मी म्हणालो, आमच्याकडे किनाऱ्यावर काही लोक होडीला गाडीचं इंजिन बसवतात. मामींचा भाकरी थापणारा हात थांबला.

"तुला येतं?" मामांनी विचारलं.

मी येतं म्हणालो. खरं सांगायचं तर ते काम मी पाहिलं होतं, केलं नव्हतं. तेव्हा माझ्याकडे पाने-पकडी पुसून हातात देण्याचं काम होतं.

मी मूळचा कोकणातला. आठवीत शाळा सोडली आणि ट्रॉलरची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपात लागलो. पुढे इथल्या धरणातल्या मासेमारीच्या एका ठेकेदाराने किनाऱ्यावरून ही होडी विकत घेतली आणि तिच्याबरोबर मलाही आणलं. ठेकेदार वर्षाच्या आत ठेका सोडून निघून गेला. होडी मामांनी ठेवून घेतली आणि मलाही. ते काही माझे सख्खे मामा नव्हेत. पहिल्याच उन्हाळ्यात मला टायफॉइड झाला, तेव्हा मामी तीन आठवडे पेज करून घालत होत्या. आमच्याकडची पेज कशी असते हे त्यांनी मलाच विचारून घेतलं होतं, तापात. आता सहा वर्षं झाली. अशा माणसांची उभी जीप मी मोडायला घेतली होती. इंजिन होडीत जळालं असतं तर त्यांच्याकडे जीपही राहिली नसती आणि होडीही.

महिना गेला त्यात. लिंबाच्या फांदीला साखळी बांधून इंजिन उचललं, बैलगाडीतून पाण्यापर्यंत नेलं. जीपचा गिअरबॉक्स आणि होडीचा शाफ्ट जोडायला लोखंडी चकत्या हव्या होत्या. त्यांचं लोखंड पोत्यात घालून मी एसटीने हिंगोलीला तीन वेळा गेलो आणि आलो. लेथवाल्या चाचांनी दोनदा कापून दिल्या त्या बसल्या नाहीत. तिसऱ्यांदा त्यांनी शांतपणे विचारलं, जीप पाण्यात घालताय की होडी रस्त्यावर आणताय? मला हसायलाही त्राण नव्हतं. उन्हात होडीचा पत्रा इतका तापायचा की गोणपाट ओलं करून त्यावर गुडघे टेकायचो. कंबर रात्रीही सरळ होत नव्हती.

इंजिन थंड ठेवायला मी जीपचाच रेडिएटर बसवला, इंजिनाच्या पेटीत, फळ्यांच्या खाली. दुसरं काही माझ्या मनातही आलं नाही. वर्कशॉपातल्या उस्तादांचं पहिलं शिक्षण हेच होतं, की बाहेरचं पाणी गाडीच्या इंजिनात घ्यायचं नाही, दोन वर्षांत ब्लॉकची चाळणी होते. हे मी पाढ्यासारखं पाठ केलं होतं. पाढे विसरलो, हे नाही विसरलो.

पहिल्या फेरीला मी आणि मामा, दोघेच. होडी निघाली तेव्हा मामांनी काठाकडे पाहून मान हलवली. काठावर मामी उभ्या होत्या. पण मध्यावर पोचेपर्यंत तापमानाचा काटा लाल रेघेला टेकला. फळी उचलली तर वाफेचा लोट अंगावर आला. बंद पेटीत रेडिएटरला वारा मिळणार कुठून? इंजिन बंद केलं. होडी आपली आपण वाहत राहिली. मी मान खाली घालून बसलो. इंजिनाच्या तापल्या लोखंडाचा टकटक आवाज येत होता. मला वाटलं, झालं, जाळलं आपण.

मामांनी तांब्या धरणात बुडवला, भरून घेतला, घोटभर प्याले आणि मला दिला.

"पी," ते म्हणाले. "हे पाणी आमी पितो, जनावरं पितात, ह्याच्यातच हळद शिजते. इंजिनाला काहून चालत न्हाई?"

"खारं पाणी ब्लॉक खातं, मामा."

"खारं?" त्यांनी होडीबाहेर पाहिलं. "कुठंय खारं?"

माझ्या हातात तांब्या होता. सहा वर्षं मी तेच पाणी पीत होतो, त्यातच अंघोळ करत होतो, आणि महिनाभर इंजिन बसवत होतो ते समुद्रासाठी.

रेडिएटर काढून टाकायचा, धरणाचं पाणी पाइपाने थेट इंजिनात घ्यायचं आणि गरम झालेलं बाहेर सोडायचं, एवढंच करायचं होतं. पण त्यासाठी होडीच्या तळाला भोक पाडावं लागणार होतं. जीप मोडून झाली होती, आता हे कोणत्या तोंडाने सांगू? तरी सांगितलं. मामांनी वाकून होडीचा तळ चाचपला.

"पाड," ते म्हणाले. "सांगितलं न्हाई तर कसं कळल आमाला."

इंजिन निवायची वाट पाहिली, मग वल्ही मारत काठाला आलो. संध्याकाळी मामींनी आमटी वाढली आणि म्हणाल्या, मीठ कमी वाटलं तर धरणातलं घे बाबा. मामा खाली बघून जेवत राहिले, पण खांदे हलत होते.

होडी काठावर ओढून भोक पाडलं. पाइपाच्या तोंडाला शेवाळ अडवायला पितळी जाळी बसवली. पुन्हा मध्यावर गेलो, पलीकडे गेलो, परत आलो. काटा अर्ध्यावरून हलला नाही. मामांनी मागच्या नळीतून पडणाऱ्या धारेखाली हात धरला आणि कितीतरी वेळ काढलाच नाही. कोमट होती.

आता होडी रोज चालते. जाळी मी रोज सकाळी घासतो आणि प्रत्येक फेरीला त्या धारेखाली हात धरतो, काटा बरोबर दाखवत असला तरी. माणसं हसतात. मामा हसत नाहीत. ते पुढे माझ्याकडे बघत बसतात, आणि माझा हात धारेखालून निघाला की मग पलीकडे तोंड करतात.