माझा बिघडलेला टेम्पो

वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी मी गोल्फ शिकले, त्याला 'थोडंसं' हा एक शब्द कारणीभूत आहे.

झालं असं, की आमच्या मुक्तानं पुण्यात नोकरी करता करता स्वतःचं लग्न स्वतःच ठरवून टाकलं. मुलगा अनिकेत, चांगला, हसरा. घरी तो आणि त्याची आई, मीनाक्षीताई. त्याचे वडील कर्नल होते, सहा वर्षांपूर्वी गेले. एका रविवारी या मीनाक्षीताईंचा मला पहिल्यांदा फोन आला. आवाज इतका खणखणीत, की मी नकळत सोफ्यावरून उठून उभी राहिले. (तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवताना मी मुलांना उभं केलं, त्याची फेड असावी.)

"वसुधाताई, याद्या करायला आम्ही तीन आठवड्यांनी शनिवारी तिकडेच येतो. त्र्यंबकेश्वरलाही जाऊन येऊ," त्या म्हणाल्या. "आणि नाशिकला गोल्फ कोर्स आहे ना? मी खेळते. तुम्ही?"

आता इथे 'नाही' म्हणायला काय हरकत होती? पण त्याआधीच्या दहा मिनिटांत त्यांनी घोडेस्वारी, ट्रेकिंग आणि लडाखमधली थंडी असे तीन विषय काढले होते आणि मी तिन्ही वेळा 'अरे वा' एवढंच म्हटलं होतं. चौथ्या 'अरे वा'ची मला लाज वाटली.

"हो, खेळते की," मी म्हणाले. "थोडंसं."

आपल्याकडे 'थोडंसं गाते' म्हणणारी बाई एकदा बसली की दोन तास उठत नाही. 'थोडंसं केलंय, गोड मानून घ्या' म्हणत वाढलेल्या ताटात पाच पक्वान्नं असतात. मीनाक्षीताईंनी 'थोडंसं'चा व्हायचा तोच अर्थ घेतला.

"अय्या! किती छान! मग दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी आपण दोघी खेळायचंच!"

फोन ठेवला. समोर आमचे शिरीषराव पेपर खाली करून माझ्याकडे बघत होते.

"तू गोल्फ खेळतेस?"

"अजून तीन आठवडे आहेत," मी म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी मी एका सरावाच्या मैदानावर हजर झाले. तिथले गांगुर्डेमास्तर दिंडोरीकडचे. लहानपणी लोकांच्या गोल्फच्या पिशव्या वाहता वाहता बघून बघून शिकले आणि आता शिकवतात. मी पंजाबी ड्रेसवर शिरीषरावांची क्रिकेटची टोपी घातली होती. मास्तरांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि एक काठी हातात दिली. (तिला क्लब म्हणतात, हे मला चौथ्या दिवशी कळलं.)

"मारा, म्याडम."

मी चेंडूकडे बघितलं, डोळे मिटले आणि मारला. डोळे उघडले तर चेंडू जागेवर, आणि मी मात्र गोल फिरून मास्तरांकडे तोंड करून उभी.

"लय घाई," मास्तर म्हणाले. "वर नेताना घाई, खाली आणताना घाई. तुमची लय बिघडली हाय."

यातली लय म्हणजे 'फार' की लय म्हणजे 'ठेका', हे मी विचारलं नाही. दोन्ही अर्थांनी खरंच होतं.

मास्तरांनी मला सराव लावून दिले. एक, दोन्ही काखांत टॉवेल धरून हात फिरवायचे. टॉवेल पडला की चुकलं. दुसरा, पाय जोडून उभं राहायचं आणि तोल न जाऊ देता अर्धाच फटका मारायचा. तिसरा, काठी उलटी धरून हवेत फिरवायची. 'सूंऽ' असा आवाज चेंडूच्या जागेपुढे यायला हवा, मागे नाही. "आणि हे सगळं घरी बॉलशिवाय करायचं," ते बोट उगारून म्हणाले. "बॉल घरी लावायचा नाय. समजलं का?"

समजलं होतं. मी मान डोलावली होती. हे मी मुद्दाम सांगून ठेवते.

त्या दिवसापासून आमच्या गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये कुणाचा जीव सुखरूप राहिला नाही. काखेत टॉवेल धरून मी पोळ्या लाटू लागले. दूध उतू जाईपर्यंत पाय जोडून ओट्याशी झुलू लागले. झाडू उलटा धरून हॉलमध्ये 'सूंऽ' काढताना पहिल्या दिवशी शिरीषरावांचा चहा गेला, दुसऱ्या दिवशी त्यांचा चष्मा. तिसऱ्या दिवशी ते चहा प्यायला जिन्यात जाऊन बसले.

त्यातच मास्तरांचा फोन यांनी उचलला आणि धावत आत आले.

"अगं, कोण गांगुर्डे? म्हणतायत, मॅडमच्या टेम्पोचं काय झालं, सुधारला का! आपला टेम्पो कुठून आला?"

"अहो, टेम्पो म्हणजे वेग! फटक्याचा!"

"मग?"

"मग काय! माझा टेम्पो द्वारका चौकाच्या ट्रॅफिकमध्ये अडकल्यासारखा आहे. आधी हलत नाही, आणि मोकळा सुटला की कुणाचं ऐकत नाही."

हे सगळं माझ्या सासूबाई खिडकीशी बसून ऐकत होत्या. वय ब्याऐंशी, भजनी मंडळात टाळ धरायला त्याच. दोन आठवडे त्यांनी माझे चाळे मुकाट्यानं पाहिले होते. त्या दिवशी मात्र त्यांनी हाक मारली.

"वसू, इकडे ये. तुझ्या त्या मास्तरांनी किती मात्रा सांगितल्यात?"

"वर जाताना तीन मोजायच्या, खाली येताना एक."

"मग तू वर जाताना एकच मोजतेस आणि खाली येताना मोजतच नाहीस. थांब."

त्यांनी पिशवीतून टाळ काढले. "माझ्याबरोबर म्हण. राऽम ला काठी मागे. कृऽष्ण ला वर. तिथे जराशी थांब, श्वास घे. आणि हरी ला सोड."

राऽम... कृऽष्ण... हरी! टाळ वाजला आणि झाडूचा आवाज आला, 'सूंऽ', अगदी जिथे यायला हवा तिथे! मला स्वतःचाच विश्वास बसेना. पुन्हा केलं, पुन्हा तेच. सासूबाई विजयी मुद्रेनं म्हणाल्या, "एवढंच होय! आमच्या मंडळातल्या निम्म्या बायकांना हेच शिकवावं लागतं."

आता इथे मी थांबले असते, तर ही गोष्टच झाली नसती.

शनिवार उजाडला. पाहुणे दुपारी बारापर्यंत पोहोचणार होते. सकाळी आठला माझ्या मनात आलं, की इतका छान ठेका बसलाय, तर एकदाच, फक्त एकदाच, खरा चेंडू मारून पाहावा. मास्तरांचं उगारलेलं बोट डोळ्यांसमोर आलं. मी त्याला नमस्कार केला आणि मैदानावरून घरी आणलेली काठी आणि एक चेंडू घेऊन गच्चीवर गेले. सासूबाईंना लिफ्टनं वर आणून खुर्चीत बसवलं. शिरीषरावांना जाड चादर दिली.

"दोन्ही हातांनी ताणून उंच धरा. चेंडू चादरीला लागेल आणि खाली पडेल."

"आणि मला लागला तर?"

"तुम्ही चादरीच्या मागे असणार ना!"

"तेच म्हणतोय मी!"

गच्चीवर एका बाजूला समोरच्या देशमुखकाकूंच्या कुरडया जुन्या साडीवर वाळत होत्या. चिक शिजवून, चकलीच्या सोऱ्यातून पाडून, दोन दिवस राखण करून कडकडीत केलेल्या. पलीकडे सोसायटीच्या सोलर हीटरच्या काचेच्या नळ्या उन्हात चमकत होत्या. मी हे दोन्ही पाहिलं होतं. पण माझा चेंडू आजवर कधी दोन फुटांच्या पुढे गेलाच नव्हता, मग काळजी कसली?

टाळ वाजला. राऽम... कृऽष्ण... हरी!

'टक्क' असा काय सुरेख आवाज आला म्हणून सांगू! आयुष्यात पहिल्यांदा चेंडू काठीच्या बरोबर मध्यावर बसला होता. शिरीषरावांनी तो येताना पाहिला आणि चादर सोडून स्वतःचं डोकं धरलं. (त्यांचा दोष नाही. तीन आठवड्यांत बिचाऱ्यानं बरंच सोसलं होतं.) चेंडू त्यांच्या वरून डौलात गेला आणि सोलरच्या मधल्या नळीत शिरला.

खळ्ळकन! काच फुटली आणि टाकीतलं सगळं गरम पाणी धबधब्यासारखं गच्चीवर सुटलं. वाफा निघाल्या. पाणी उतारानं निघालं, आणि आमच्या गच्चीचा उतार थेट काकूंच्या साडीकडे आहे. दोन मिनिटांत दोन दिवस वाळलेल्या कुरडया फुगल्या, मऊ पडल्या आणि एकमेकींना चिकटून पुन्हा चिक झाल्या.

"अगं बाई! माझ्या कुरडया!" काकू आवाज ऐकून वर आल्या होत्या.

"गरम पाणी कुणी बंद केलं?" खालच्या मजल्यावरून सोसायटीचे चेअरमन प्रधानकाका ओरडत होते. पाठोपाठ ते स्वतःच आले. कमरेला पंचा, डोक्यावर शाम्पूचा पांढरा डोंगर. "मी अर्धा धुतलोय!"

आणि या सगळ्या आरडाओरड्यात गच्चीच्या दारातून मुक्ताचा आवाज आला.

"आई? फोन का उचलत नाहीस? ट्रॅफिक टाळायला पहाटेच निघालो आम्ही."

तिच्यामागे अनिकेत. आणि अनिकेतच्या मागे कडक इस्त्रीची साडी नेसलेल्या, पाठ ताठ असलेल्या मीनाक्षीताई. त्यांनी वाफा पाहिल्या, काकूंना पाहिलं, फेसातल्या चेअरमनना पाहिलं, टाळ धरून बसलेल्या सासूबाईंना पाहिलं, आणि शेवटी माझ्या हातातल्या काठीकडे पाहिलं.

मला वाटलं, लग्न मोडलं. आता खोटं बोलून काही उपयोग नव्हता.

"मीनाक्षीताई, मला गोल्फ येत नाही," मी म्हणाले. "तुमचा फोन ठेवल्यावर शिकायला लागले. फोनवर मी खोटं बोलले."

त्या कठड्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. मग हळू म्हणाल्या, "हे गेल्यापासून मी खेळले नव्हते, वसुधाताई. आम्ही दोघंच जायचो ना. पिशवी माळ्यावर टाकली होती. तुम्ही खेळता म्हणालात, म्हणून सहा वर्षांनी खाली काढली."

मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. एका थापेनं मी या बाईला केवढी आशा लावली होती!

"म्हणजे तुम्ही माझ्यासाठी तीन आठवडे शिकलात?" त्यांनी विचारलं.

"शिकले नाही. नुसती मोडतोड केली," मी म्हणाले आणि माझे डोळे भरून आले.

तेवढ्यात त्यांच्या ओठाचा एक कोपरा थरथरला. मग दुसरा. आणि त्या खणखणीत आवाजाच्या बाई गच्चीच्या कठड्याला धरून इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की अनिकेतनं धावत जाऊन त्यांना खुर्ची दिली. तो नंतर मुक्ताला म्हणाला, की बाबा गेल्यानंतर आईला असं हसताना त्यानं पाहिलंच नव्हतं. त्यांच्या हसण्यावर प्रधानकाकाही हसले, फेस डोळ्यांत जाईपर्यंत. काकू मात्र हसल्या नाहीत. मग मीनाक्षीताईंनीच पदर खोचला. दुपारी याद्या बाजूला राहिल्या आणि आम्ही दोघी विहिणी काकूंच्या स्वयंपाकघरात नवा चिक घोटत उभ्या होतो. सोऱ्या दाबता दाबता हुंडा नाही, मानपान नाही, जेवणात पुरणपोळी, सगळं ठरून गेलं. सोलरची नवी नळी शिरीषरावांनी संध्याकाळी स्वतः उभं राहून बसवून घेतली.

रविवारी सकाळी आम्ही गोल्फ कोर्सवर गेलो. सासूबाईंना घरी ठेवायचं धाडस कुणाला झालं नाही.

मी पहिला फटका मारला. मातीचं ढेकूळ चेंडूपेक्षा लांब गेलं. दुसरा हवेत. तिसऱ्याला मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी टाळ वाजवला, मी मोठ्यानं म्हणाले, "राऽम... कृऽष्ण... हरी!" शेजारून जाणाऱ्या एका गृहस्थांनी टोपी काढून हात जोडले, आणि माझा चेंडू सरळ, हिरवळीवरून उड्या मारत, चांगला शंभर पावलं गेला!

"वा!" मीनाक्षीताई म्हणाल्या. मग त्या स्वतः उभ्या राहिल्या. पहिलाच फटका वाकडा गेला. दुसराही. सहा वर्षांत हात विसरले होते. त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि खेळ आवरायला म्हणून हातमोजा काढायला घेतला.

"आजी," त्या एकदम सासूबाईंकडे वळल्या, "माझ्यासाठीही वाजवाल?"

सासूबाईंनी त्यांच्यासाठी ठेका जरा संथ धरला. मीनाक्षीताईंची काठी वर गेली, तिथे क्षणभर थांबली, आणि चेंडू जो निघाला तो दूरच्या झाडांच्या शेंड्याबरोबर उंच जाऊन थेट खड्ड्यावरच्या झेंड्याजवळ उतरला. त्या बराच वेळ तिकडेच बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे असते तर आत्ता पैज लावली असती." आणि हसल्या.

लग्नाला आता वर्ष झालं. मीनाक्षीताई महिन्यातून एकदा नाशिकला येतात. मुलांना वाटतं, त्र्यंबकेश्वरच्या दर्शनाला. पण गोल्फची पिशवी घेऊन कुणी देवळात जात नाही, हे मुलांच्या अजून लक्षात आलेलं नाही.

आणि माझी प्रगती म्हणाल तर फारच आशादायक आहे. बरे खेळाडू जो चेंडू चार फटक्यांत खड्ड्यात घालतात, त्याला मला सुरुवातीला वीसेक लागायचे. परवा घरी आल्या आल्या मी दारातूनच ओरडले, "अहो, आज मी पहिल्यांदा एकेरी आकड्यात आले!"

शिरीषराव आनंदानं उठले. "शाब्बास! किती?"

"नऊ," मी म्हणाले. "आणि तेसुद्धा मीच मोजले म्हणून."