तात्यांचा चौथा बोर्ड

टीव्ही दुरुस्तीचं दुकान मुलाच्या हवाली केल्यापासून तात्या एकाच गोष्टीच्या हात धुऊन मागे लागले होते. कुंडीतल्या मातीची ओल सांगणारा सेन्सर त्यांना घरच्या घरी बनवायचा होता. बोर्डावर तांब्याच्या पट्ट्या त्यांनी स्वतः आखल्या, उरलेलं तांबं रसायनात बुडवून काढलं, पाणी शिरू नये म्हणून वरून सुनेचं नेलपॉलिश फासलं. हा चौथा बोर्ड. माती ओली झाली की मीटरवरचा आकडा उतरायला हवा आणि सुकली की चढायला हवा, इतकं साधं काम!

पण लेकाचा आकडा एका जागी ठरेल तर शपथ. ठणठणीत कोरड्या कुंडीवर तात्या वाकले की सहाशे बाराचे पाचशे सत्तर व्हायचे. त्यांनी पुन्हा डाग दिले, वायर हलवून पाहिली, नेलपॉलिशलाही शिव्या घातल्या. शेवटी बायकोच्या हातात वही कोंबली, "दर पाच मिनिटांनी आकडा लिही, आणि चुकू नकोस!" असं खेकसले आणि नवी वायर आणायला गेले.

परत येऊन बघतात तर वहीत एकाखाली एक सहाशे बारा. "शक्यच नाही!" म्हणत ते कुंडीवर वाकले. आकडा घसरला.

"अहो, जरा मागे सरका बघू," खुर्चीतून बायको म्हणाली.

ते सरकले. सहाशे बारा.

"म्हणजे त्याच्यात काही खोट नाही," ती वही मिटत म्हणाली. "तुम्ही अंगावर आलात की बिचारं गडबडतं. दुकानात आपल्या मुलाचंही असंच व्हायचं."