वाढवलेला कॉम्प्युटर

माझे वडील फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार. अंगणात घसरून त्यांचं मांडीचं हाड मोडलं आणि मला झाशीहून तडक साताऱ्याला जावं लागलं. नेमकं तेव्हाच मला घरबसल्या नकाशे काढायचं काम मिळालं होतं. लग्नानंतरचं माझं पहिलं काम. झाशीजवळच्या मोठ नावाच्या गावातल्या एका गोदामाचा नकाशा अर्धा झाला होता, आणि झाशीच्या सदर बाजारातल्या इंजिनीअरसाहेबांनी बजावलं होतं, "मैडम, सोमवार तक नहीं हुआ तो किसी और को दे दूँगा।" मला ते काम हातचं जाऊ द्यायचं नव्हतं.

नकाशांचं सॉफ्टवेअर आमच्या झाशीतल्या खंडेराव गेटजवळच्या घरातल्या डेस्कटॉपवर. माझा जुना लॅपटॉप ते उघडतानाच धापा टाकायचा. म्हणून निघण्याआधी मी दोन्हीकडे लांबून जोडणारं ॲप टाकलं, पासवर्ड ठेवला, डेस्कटॉप आपोआप झोपी जाऊ नये अशी सेटिंग केली. मग गच्चीत मोबाइलचं इंटरनेट लावून बसले आणि खालच्या पडद्यावरचा बाण हलवून पाहिला. सासूबाई खालून ओरडल्या, "अगं, हे आपलं आपणच चालायला लागलं!"

"मीच आहे, आई. फक्त हा बंद करू नका. बंद असला तर मला तिकडून काही करता येणार नाही."

"नाही करत, बेटा. बेफिकर जा."

नवरा नोकरीच्या दौऱ्यावर होता, म्हणजे घरात त्या एकट्याच.

साताऱ्याला पोचले त्या दुपारी सगळं झकास जुळलं. दुसऱ्या दिवशी मात्र ॲपने एकच धोशा लावला: डेस्कटॉप ऑफलाइन. मी फोन लावला.

"आई, लाइट आहे?"

"आहे की."

"कॉम्प्युटर बंद तर नाही ना केलात?"

"छे! मी कशाला बंद करीन?"

मी इंटरनेटवाल्यांना, ॲपला आणि आपल्या नशिबाला मनसोक्त शिव्या घातल्या. फौजीची लेक, आवाज चढायला वेळ लागत नाही. शेवटी विचारलं, "मग पडद्यावर दिसतंय काय?"

"काहीच नाही. काळा आहे. काल झोपताना वाढवला ना मी."

"वाढवला? काय वाढवलं? आवाज?"

"कॉम्प्युटर गं! बटण दाबलं अन् वाढवला."

बांगडी वाढवतात, नारळ वाढवतात, एवढं मला ठाऊक होतं. पण माझ्या सासरच्या या जुन्या घरात दिवाही वाढवतात आणि दुकानही. चालत्या गोष्टीला बंद म्हणणं अशुभ. बंद म्हणजे कायमचं. रात्रीपुरतं मालवायचं, ते वाढवणं. म्हणजे सासूबाईंनी मला दिलेला शब्द तंतोतंत पाळला होता! आधी मी चिडले, आणि मग असं हसू फुटलं की पलंगावरून वडील विचारू लागले, काय झालं म्हणून.

"आई, हा नंदादीप आहे असं समजा. नंदादीप वाढवतात का कधी?"

"हाय राम! मग तसं सांगायचं ना."

त्यांनी बटण दाबलं आणि गोदाम पुन्हा माझ्यासमोर आलं.

त्यानंतर मी काम सुरू केलं की त्या भाजी निवडत डेस्कटॉपसमोर येऊन बसायच्या. फोनवर सूचना चालूच. "भिंत तुटली बघ तिथे."

"दार आहे ते, आई."

एकदा सहज बोलल्या, "तुझा तो बाण फिरतो ना, तेवढा वेळ घरात कुणीतरी असल्यासारखं वाटतं." नकाशा लवकर संपवायचा होता, तरी त्या दिवशी मी बाण उगाच थोडा जास्त फिरवला.

रविवारी नकाशा पाठवला. संध्याकाळी इंजिनीअरसाहेबांचा निरोप आला, "बढ़िया. अगला भेज रहा हूँ।" मी लगेच घरी फोन केला.

"आई, जमलं! दुसरं कामही मिळालं. ते मी तिकडे आल्यावर बघेन. आता खुशाल वाढवा कॉम्प्युटर."

"राहू दे," त्या म्हणाल्या. "तू घरी येईस्तोवर नाही वाढवायचा."