साडूंची संरक्षित भिंत

गेल्या जूनच्या पहिल्या रविवारी कुंभारीला माझ्या साडूंच्या घरी एका खिडकीचा अंदाज काढण्यात आला. रक्कम सव्वीस हजार रुपये. हजर: साडू, त्यांची बायको म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, जिला आम्ही सगळे अक्का म्हणतो, माझी बायको, मी आणि गवंडी. गवंड्याने आकडा सांगितला, अक्कांनी मान हलवली आणि साडू म्हणाले, "परवानगी नाही." घर त्यांचं, भिंत त्यांची, परवानगी देणारेही तेच, तरी ती नव्हती. इंग्लंडातल्या जुन्या शेतघरांबद्दल माझ्या साडूंइतकं कळणारा माणूस सबंध सोलापूर जिल्ह्यात सापडणार नाही, आणि कुंभारीतल्या शेतघराबद्दल त्यांच्याइतकं कमी कळणाराही.

साडूंची मुलगी आणि जावई इंग्लंडात एका खेड्यात जुन्या शेतघरात भाड्याने राहतात. तहसील कचेरीतून निवृत्त झाल्यावर साडू तीन महिने तिथे राहून आले. अक्का गेल्या नाहीत, "म्हशीकडं कोण बघंल?" म्हणाल्या. लोक तिकडून येताना चॉकलेटं आणतात. साडूंनी ते घर आणलं, पाठ करून. भिंती दगडी, दोन हात जाड. छप्पर पातळ दगडी पाट्यांचं, इतकं उतरतं की मांजर बसलं तर खाली यावं. दोन्ही टोकांना धुराडी. ओकच्या तुळया इतक्या खाली की पहिल्याच आठवड्यात साडूंच्या कपाळावर दोन टेंगळं आली. ती त्यांनी आम्हाला व्हिडिओ कॉलवर दाखवली आणि कुठलं टेंगूळ कुठल्या शतकातल्या तुळईचं तेही सांगितलं. पण त्यांचं मन जिंकलं ते वेगळ्याच गोष्टीने. त्या घरात एका टोकाला माणसं, दुसऱ्या टोकाला गुरं, मध्ये आडवी वाट आणि वर एकच आढं. "म्हणजे आपल्यासारखंच की," साडू मला म्हणाले. "गोऱ्यांनीसुद्धा गाय शेजारीच बांधली होती. आपण उगाच लाजत होतो."

शिवाय ते घर सरकारच्या संरक्षित यादीत होतं, दर्जा दोन. घरमालकिणीला खिडकी बदलायची तरी अर्ज करावा लागे. स्वतःच्या घराला हात लावायला दुसऱ्याची सही लागते हे ऐकून माझ्यासारख्याला घाम फुटला असता. साडूंना भरून आलं. जन्मभर त्यांनी लोकांच्या अर्जांवर शेरे मारले होते. कचेरीला मान देणारं घर त्यांना पहिल्यांदाच भेटत होतं.

परत आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी कुंभारीचं घर संरक्षित जाहीर केलं. दर्जा दोनच. "पहिला मागणं बरं दिसत नाही," म्हणाले. घर दगडी, वर मातीचं माळवद, साडूंच्या वडिलांनी बांधलेलं, म्हणजे वयाने खुद्द साडूंपेक्षाही लहान. मी हे दाखवून दिलं. ते म्हणाले, "जुनं व्हायला कुठंतरी सुरुवात करावीच लागते." तेव्हापासून घरात खिळा ठोकणं बंद झालं. दिनदर्शिका खुर्चीवर बसू लागली. सोप्यातली भेग सिमेंटने बुजवायला त्यांचा विरोध, कारण मूळ बांधकाम चुन्याचं. गवंड्याला चुना शोधायला पाठवला, तर तो हात हलवत परत आला. "मालक, चुना आता पानाच्या टपरीवरच मिळतोय. किती पुड्या आणू?"

पाहुणा आला की साडू त्याला घर दाखवत. तिकडच्या यादीत प्रत्येक घराचं वर्णन असतं, कोरडं आणि न लाजता केलेलं, आणि साडूंनी ती भाषाही उचलली होती. "दक्षिणमुखी, एकमजली. दरवाजा मूळचा. संडास नंतरची भर, विशेष महत्त्व नाही." अक्कांचं लोखंडी कपाट, अक्कांची तुळस, अक्कांनी घातलेली शहाबादी फरशी, सगळं नंतरची भर. तिकडचे अधिकारी बऱ्याचदा घर रस्त्यावरूनच पाहतात आणि प्रामाणिकपणे लिहून टाकतात की आतून पाहिलेलं नाही. हे वाक्य साडूंना फार आवडलं होतं. स्वयंपाकघराच्या दाराशी ते थांबत आणि पाहुण्याला सांगत, "यापुढे आतून पाहिलेलं नाही." आतून अक्कांचा आवाज येई, "मग इतकी वर्षं ताट काय रस्त्यावरनं येतंय व्हय?"

खिडकी हवी होती ती याच स्वयंपाकघराला. रस्त्याकडची भिंत सलग बंद. आपल्याकडची जुनी घरं चोरांच्या भीतीने बाहेर खिडकी ठेवत नसत. अक्कांचं मागणं एवढंच की चुलीपाशी, आणि आता गॅसपाशी, बसल्या जागी रस्ता दिसावा. त्या रविवारी साडूंनी त्यांना समजावलं. "मुलीच्या घराच्या दोन खिडक्या बुजवलेल्या आहेत. मागं कधी तिथल्या सरकारनं खिडक्यांवर कर बसवला, म्हणून लोकांनी विटा लावल्या. अजून त्या तशाच ठेवल्यात. अंधारालासुद्धा इतिहास असतो."

अक्का तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आमच्यावर कुणी कर बसवला हुता?"

अडचणीचा प्रश्न आला की कचेरीतला माणूस अर्ज मागतो, तसा साडूंनी मागितला. अक्कांच्या वतीने अर्ज साडूंनीच लिहिला आणि साडूंनीच घेतला. मग तिकडच्या पद्धतीप्रमाणे फाटकाजवळच्या लिंबाला नोटीस बांधली: या घरात बदल करण्याचे योजिले आहे, हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावी.

आता कुंभारीत घराबाहेर नोटीस लागते ती एकाच कारणाने. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की साडूंच्या घरावर जप्ती आली. किराणावाल्याने मागची बाकी मागितली. अक्कलकोटचा एक गृहस्थ येऊन जागा पायांनी मोजून गेला. शेजारचे म्हातारे शेतकरी काठी टेकत आले आणि साडूंचा हात हातात घेऊन बसले. "लई वाईट झालं. किती थकलं हुतं?"

"अहो, काही थकलं नाही. भिंतीत खिडकी पाडायची आहे."

म्हातारे विचारात पडले. "खिडकीसाठी कर्ज काढलं व्हय? आन तेवढ्यावर घर धरलं बँकेनं?"

बायका मागच्या दाराने अक्कांचं सांत्वन करायला येत. अक्का त्यांना चहा देत आणि म्हणत, "घर ऱ्हाऊ द्या. जप्ती माझ्यावर हाय."

पंधरा दिवस झाले. हरकत एकही नव्हती. तरी साडूंनी सोप्यात सुनावणी ठेवली आणि आम्हा दोघांना साक्षीला बोलावलं. खुर्चीत बसून, चष्मा पुसून त्यांनी विचारलं, "अर्जदारानं कारण सांगावं."

मला वाटलं, अक्का आता गुडघे सांगतील, किंवा उकाडा. त्या दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या.

"लगीन झालं त्या साली पंचमीला आमचे अण्णा न्यायला आले हुते. जेऊरहून, रेल्वेनं. सासूबाईंनी अंगणातनंच परत लावलं. खुरपणी चालू हाय, पोर मोकळी न्हाय म्हनल्या. मी आत भाकरी थापत हुते. मला दिवेलागणीला कळालं. भिंतीच्या पल्याड उभे हुते की ते. खिडकी असती तर बोलले असते असं न्हाय. दिसले असते."

अण्णा म्हणजे माझे सासरे. माझी बायको तेव्हा सात वर्षांची होती. ती हळूच म्हणाली, "अण्णांनी घरी येऊन सांगितलं, अक्का मजेत हाय, तिलाच यायचं नव्हतं."

साडूंच्या हातात पेन होतं. ते त्यांनी खिशाला लावलं, उठले आणि स्वयंपाकघरात गेले. त्यांना तिथे जाताना मी पहिल्यांदा पाहिलं. थोड्या वेळाने आतून त्यांचा आवाज आला. "कुठं पाहिजे? बसून दाखव."

खिडकी अक्कांनी बसून दाखवलेल्या उंचीवर झाली. चौकटीचा दगड मुद्दाम नवा, पांढरट, दुरून उठून दिसणारा. जुन्यासारखा काळा करून देतो असं गवंडी म्हणाला, पण साडूंनी नको म्हटलं. "कधी केली ते बघणाऱ्याला कळू दे. उशीर झाला तर झाला." गवंड्याला सत्तावीस हजार पाचशे दिले. अंदाजापेक्षा दीड हजार जास्त. वरच्या दगडाचे होते, मी हिशेब तपासला.

पंचमीच्या आदल्या दिवशी माझा मेहुणा अक्कांना न्यायला जेऊरहून आला. मी त्याच्याबरोबर सोलापूर स्टेशनवरून रिक्षाने निघालो. कुंभारीच्या रस्त्याला लागून घर दिसलं, तेव्हा नव्या खिडकीत अक्कांचा चेहरा होता. हात हलवला नाही, हाक मारली नाही. बघत होत्या. तेवढ्यात साडू अंगण ओलांडून भर उन्हात अनवाणी रस्त्यापर्यंत चालत आले, मेहुण्याच्या हातातली पिशवी घेतली आणि "या" म्हणाले. रिक्षावाल्याने तीनशे सांगितले. मेहुण्याचा हात खिशात गेला, माझाही.

"राहू द्या," साडू म्हणाले, आणि तीनशे रुपये त्यांनी रिक्षावाल्याला दिले.