डावा गाल

ही गोष्ट मी आजवर कोणालाच सांगितलेली नाही. बायकोलासुद्धा नाही — आणि तिला तर मी माझी एकूण एक फजिती सांगत आलो. व्याह्यांना हमाल समजून त्यांच्या हातात वळकटी दिली होती, तेही सांगितलं. देवपुरातल्या आमच्या ओट्यावर माणसं माझ्या फजित्या ऐकायला मुद्दाम येतात. या गोष्टीचा पहिला अर्धा भागही तसाच हसण्यासारखा आहे. म्हणूनच तर दुसरा अर्धा लपवायला मला फारसे कष्ट पडले नाहीत.

मी तेव्हा जळगावला होतो. मुंबईहून आगबोटीनं विलायतेला जाणाऱ्या मालाचा विमा उतरवणारी एक कंपनी होती, तिचा मी तिथला तपासनीस. स्टेशनाच्या रस्त्यावर एक खोली, एक टेबल आणि भिंतीवर आगबोटीचं चित्र. लोक तिला ‘जहाज कचेरी’ म्हणत. यावलचा एक शेतकरी ते चित्र बराच वेळ न्याहाळत बसला आणि शेवटी त्यानं विचारलं, ही तापीतून येते का, आणि केळी घेते का? मी गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, पाणी वाढलं की येईल. खरं सांगू? मी स्वतः तोवर समुद्र पाहिलेला नव्हता. पांझरेचा पूर — तेवढीच माझी दर्यावर्दी.

काम मात्र खेळ नव्हतं. गाठीत ओली रुई गेली की ती बोटीच्या पोटात आठवडेच्या आठवडे दबून राहते, आतून तापते, सडते, कधी धुमसायला लागते. म्हणून प्रेसमध्ये, म्हणजे कापसाच्या गाठी बांधणाऱ्या कारखान्यात, गाठ आवळण्याआधी रुई कोरडी असल्याचा दाखला मी द्यायचा. तो कसा? मूठभर रुई घ्यायची आणि गालाला लावायची. हाताला जी ओल कळत नाही ती गालाला कळते. रुई गार लागते.

एवढ्याशा गोष्टीचा मी केवढा तमाशा करून ठेवला होता! डोळे मिटायचे, मान कलती करायची, रुई उजव्या गालावर टेकवायची, आणि मंत्र पुटपुटल्यासारखे ओठ हलवायचे. हमाल काम टाकून बघायला यायचे. एकदा कोणीतरी विचारलं, डाव्या गालाला का नाही लावत? मी म्हणालो, ‘‘डावा गाल दाढी करण्यापुरता. ओल कळते ती उजव्यालाच, देणगी आहे ती.’’ थापच होती. पण जळगावात ती पसरली, आणि मला आवडली. हे ध्यानात ठेवा — पुढचं सगळं या थापेतून निघालं.

माघातल्या एका सकाळी माझी उजवी दाढ ठणकत होती. गाल टम्म सुजलेला, वर चुना-हळदीचा जाड लेप, आत लवंगेचं तेल. त्या गालावर कोणी विस्तव ठेवला असता तरी मला कळलं नसतं. मी प्रेसमध्ये शिरलो तसा एक हमाल ओरडला, ‘‘भाऊसाहेब, गालमा लाडू ठेवेल शे का?’’ सगळे हसले. मीही हसलो — हसल्यावर जे दुखलं ते जाऊ द्या.

सुकलाल आबा तिथे मुकादम होते. पाचोऱ्याजवळच्या खेड्यातले, कमी बोलणारे, आमच्या वडिलांच्या वयाचे. दोन दिवसांपूर्वी अवकाळी पाऊस झाला होता, आणि भिंतीकडच्या ढिगावरचा पत्रा वाऱ्यानं उचलला गेला होता. आबा मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘‘भाऊसाहेब, वली शे हाई. भिंतकडना बठ्ठा ढीग वला शे. आज गाठी नका बांधू देऊत.’’ मी रुई गालाला लावली. काय कळणार? लेप कळला. आबा हळूच म्हणाले, ‘‘तुमना गाल सुजेल शे. डावा लावा ना.’’

डावा लावा ना! मला दुसरा गाल नव्हता का? होता. धडधाकट होता, रिकामा होता. रुई त्याला टेकवायला एक क्षण लागला असता. पण भोवती दहा-बारा माणसं उभी होती, आणि डावा गाल लावला असता तर माझ्या देणगीचं काय झालं असतं? मी डोळे मिटले, मान डोलावली आणि म्हणालो, ‘‘कोरडी आहे. आबा, तुम्ही हमाली बघा, ओल मी बघतो.’’ हमाल पुन्हा हसले. या वेळी आबांना.

आता तुम्ही म्हणाल, मूर्खपणा झाला, माणसाच्या हातून होतो. इथवर मीही तसंच म्हणतो. पण माझा कबुलीजबाब गालाचा नाहीच. मी अजून आडून आडून येतोय, तुमच्या लक्षात आलंच असेल.

दोन महिन्यांनी मुंबईहून पत्र आलं. आगबोटीच्या पोटातून धूर निघाला, वाटेतल्या बंदरात ती थांबवावी लागली, तोंडाला ओली फडकी बांधून खलाशी आत उतरले, त्यातल्या एकाचे दोन्ही हात भाजले. गाठींवर आमच्या प्रेसची खूण होती. त्या खलाशाचं नाव पत्रात नव्हतं, आणि मीही ते कधी विचारलं नाही.

पाठोपाठ कंपनीचे मोठे साहेब चौकशीला आले. त्यांनी मला विचारलं, तपासताना रुई कशी होती? मी म्हणालो, ‘‘माझ्या गालाला कोरडी लागली.’’ खरंच होतं ते. मग पाणी आलं कुठून? मी म्हणालो, ‘‘माझ्या तपासणीनंतर ढीग मुकादमाच्या ताब्यात असतो.’’ तेही खरंच. बघा माझी हुशारी — दोन खरी वाक्यं शेजारी शेजारी ठेवली, आणि वजन वाढवायला रुईवर पाणी मारणारा चोर तयार झाला.

आबा दाराशी उभे होते. ते साहेबांशी बोललेच नाहीत, माझ्याकडे वळले. ‘‘भाऊसाहेब, मी तुमले काय सांगेल व्हतं ते सांगा ना.’’

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

‘‘मला आठवत नाही,’’ मी म्हणालो.

हा तो गुन्हा. तीन शब्दांचा.

प्रेसच्या मालकांनी आबांना त्याच दिवशी काढलं. जळगावातल्या कुठल्याही प्रेसमध्ये त्यांना पुन्हा उभं केलं नाही. ते गावी गेले, आणि त्यांच्या आधी त्यांचं नवं नाव गावात पोचलं — पाणीमाऱ्या. माझं काय झालं? चोर पकडून दिला म्हणून माझा मान वाढला.

पुढे काही वर्षांनी पाचोऱ्याला एका लग्नात मी पंगतीत बसलो होतो. पाहतो तर सुकलाल आबा हातात तांब्या घेऊन पाणी वाढत येत होते. कोणीतरी मागून ओरडलं, ‘‘आबा, जपीसन! भातनं वजन वाढी जाई!’’ सगळी पंगत हसली. मीही हसलो. का हसलो? सगळे हसत होते म्हणून? की मी हसलो नसतो तर कोणी माझ्याकडे बघितलं असतं म्हणून? आबांना मी दिसलो. त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि मांडवाबाहेर गेले. मी जेवण पुरं केलं. जिलबी मागून घेतली.

आबा गेल्या पावसाळ्यात वारले. त्यांची मुलगी त्याच गावात राहते, आणि विहिरीवर तिला अजून पाणीमाऱ्याची सरू म्हणतात. हे ऐकल्याला तीन महिने झाले. तीन महिने मी ओट्यावर एकही फजिती सांगितलेली नाही. बायकोला वाटतं, माझी तब्येत बिघडली.

विम्याची ती कंपनी लढाईच्या आधीच बंद पडली. प्रेस अजून चालू आहे; तिच्या मालकांना मी काल हे सगळं लिहून, खाली सही करून पत्र टाकलं. आज तेच बायकोला वाचून दाखवणार आहे. आणि येत्या बाजारी आबांच्या गावी, आधी सरूच्या दारात आणि मग भर बाजारात उभा राहून हेच सांगणार आहे, मोठ्यानं, गमती गाळून. ते लोक हसतील, शिव्या देतील किंवा उठून जातील, तो त्यांचा प्रश्न. मी तिथून बोलून झाल्याशिवाय हलणार नाही. सांगायचं फार नाहीच.

रुई ओली होती. सुकलाल आबांनी मला ते सांगितलं होतं. आणि साहेबांनी विचारलं तेव्हा मला ते आठवत होतं.